आखाजीपर्यंतचा शब्द

भटू फौजी गेल्याची बातमी सुरतेहून फोनवर आली ती खरी होती. पेपरात आली ती त्यानंतर, आणि ती खोटी होती. फोन त्याच्या पोराचा, मी त्याच्या आत्याचा नवरा. मी गिरणीवर दळण घेऊन उभा होतो. पोरगा म्हणाला, "फुवाजी, बाबा गेले." डोळ्याच्या ऑपरेशनला गेलेला माणूस. डोळा बरा झाला आणि माणूस झोपेतच गेला. मी ब्राह्मणपुरीहून निघालो, नंदुरबारला गाडी धरली, आणि नवापूर यायच्या आत पोराचा पुन्हा फोन... "उन्हाचे दिवस आहेत, फुवाजी, आम्ही उरकून घेतलं." मी नवापूरलाच उतरलो. स्टेशनावर एक चहा घेतला, तोही अर्धा टाकला. राखेला भेटायला सुरतेपर्यंत कशाला जायचं?

चार दिवसांनी पेपरात चौकट आली. जवानीतला फोटो, खाली लिहिलं होतं की एकाहत्तरच्या लढाईत शत्रूला धूळ चारणारा आमचा वीर जवान हरपला. कुणी छापायला दिलं ते मला माहीत आहे, नाव घेत नाही, निवडणूक जवळ आहे त्याची. भटूनं त्या लढाईत एक गोळी झाडली नव्हती. तो पुढच्या फळीत नव्हताच. लढाई थांबली आणि मग त्याचं काम सुरू झालं. आपल्या फौजेनं सिंधच्या वाळवंटातला जो मुलूख घेतला होता, त्यातल्या एका गावात तो वर्षभर बसून होता. दुसऱ्याच्या गावात, दुसऱ्याच्या विहिरीवर. ते कुणी छापत नाही, कारण त्यात मिरवण्यासारखं काही नाही. म्हणून मी लिहितोय. मी चौथी शिकलो. शुद्धलेखन नातीनं तपासलंय, मजकुराला हात लावायचा नाही असं तिला बजावलंय.

भटू माझ्या बायकोचा, वेणूचा, धाकटा भाऊ. त्याची बायको लवकर गेली, पोरगा सुरतेला कापडाच्या धंद्यात. वेणू गेली तेव्हा तेराव्याला जो आला तो परत गेलाच नाही, माझ्या पुढच्या खोलीत खाट टाकून राहिला. दोन म्हातारे, एक टीव्ही. सून भाकरी करून द्यायची आणि आम्ही भांडायचो. त्याला मोठ्या आवाजात बातम्या चालत नव्हत्या, मला बारीक आवाजात ऐकू येत नाही. लोकांना वाटायचं आमचं पटत नाही. पटत नव्हतंच. पण आता ती खाट रिकामी आहे आणि टीव्ही मी पाहिजे तेवढा मोठा करतो, तर त्यात काहीच गोडी नाही.

त्याची गोष्ट समजायची तर आधी आमच्याकडची एक रीत सांगावी लागेल. आम्ही तापीकाठचे जमीनवाले. शेतीला वर्षाचा गडी ठेवतो, त्याला सालदार म्हणतात. बहुतेक सालदार सातपुड्यातून येतात, मोलगी-धडगावकडचे भिल्ल, पावरा लोक. सालदाराचं वर्ष चालतं आखाजी ते आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया ते अक्षय्य तृतीया. आखाजीला बोलणं झालं की मग मध्ये त्याला काढत नाहीत आणि तोही मध्ये सोडून जात नाही. भांडण होऊ द्या, आजार होऊ द्या, पाऊस न पडू द्या. लिहून काही ठेवत नाहीत. मध्येच माणूस काढणाऱ्या घराकडे पुढं सालदार फिरकत नाही, आणि मध्येच पळून जाणाऱ्याला दुसरं गाव ठेवत नाही. भटू लहानपणी सालदारांच्या पोरांतच खेळला. त्यांची बोली त्याला येत होती, अहिराणी तर घरचीच, आणि बाजार गुजरातचा म्हणून गुजराती कानावरची. फौजेत गेला तेव्हा या तीन बोलींचा काही उपयोग होईल असं कुणाला वाटलं नव्हतं.

ते गाव वाळूतलं. त्याचं नाव भटू घ्यायचा नाही, मीही घेत नाही. पलटण तिथं पोचली तेव्हा गाव अर्धं रिकामं होतं. दारं उघडी, चुलीत राख, एका घरात परातीत पीठ मळून ठेवलेलं, वाळून त्याचा दगड झालेला. जमीनदार आणि त्याच्या जवळचे पळून गेले होते. राहिले ते म्हातारे, आंधळे, आणि ज्यांना पळायला जागा नव्हती ते. त्यांत भिल्लांची काही घरं. भटू सांगायचा की त्यांना बघून त्याला पहिल्यांदा घरची आठवण आली. "मोलगीना बाजारमा बठतस ना, तश्याच," म्हणायचा. पहिल्या दिवशी पलटणीनं काय केलं, तर आंघोळी. महिनाभर धुळीत होते बिचारे. खूप खोल विहीर, उंटानं पाणी ओढायचं, आणि दुपारपर्यंत तळ दिसला. बायका मडकी घेऊन लांब उभ्या होत्या. दुसऱ्या दिवसापासून फौजेनं पाण्याची गाडी लावली, पण भटू म्हणायचा की पहिल्या दिवशीचं ते पाणी गाव कधी विसरलं नाही. टीव्हीवर कुठल्या देशाची फौज कुठल्या शहरात शिरली असं दाखवलं की बाकीचे रणगाडे बघत. हा विचारायचा, "यास्नी पानी कोठलं पिधं?"

साहेब तरुण होता, चांगला होता, भटू त्याला कधी वाईट बोलला नाही. पण साहेबाची भाषा गावाला कळेना आणि गावाची साहेबाला. भटू पुढं झाला. अहिराणीतलं "शे", म्हणजे "आहे", त्यांच्या बोलीच्या जवळ पडायचं, भिल्ली शब्द मधूनमधून जुळायचे, अडलं तिथं गुजराती. आठ दिवसांत तो फौजेचं तोंड झाला. रेशन कधी, डॉक्टर कधी, बंदुका असतील तर आणून टाका, रात्री बाहेर पडू नका, सगळं भटूच्या तोंडून. बाकीचे शिपाई हुकूम करायचे, हा बोलायचा. पोरं त्याच्या मागं फिरायची. त्याच्या बोलण्यावर बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. त्या भिल्लांत रूपो नावाचा एक होता, भटूपेक्षा मोठा. घरी आंधळी आई, बायको, पोरी. जमीनदाराचा पिढीजात गडी. त्याचं आणि भटूचं चांगलं जमलं. जमणारच, दोघांचं बोलणं बैल, औत आणि पावसाचं.

मग उन्हाळा आला. साहेबानं ठरवलं, किंवा साहेबाच्या वरच्या साहेबानं, की पळालेल्यांची वावरं पडीक ठेवायची नाहीत, जे आहेत त्यांनी पेरावीत. टेबलावर बसून ही गोष्ट चांगलीच दिसते. लोक पोटाला लागतील, फौजेचं रेशन वाचेल. पण रूपो काही वेडा नव्हता. त्यानं भटूला विचारलं, जमीनदाराच्या वावरात मी औत घातलं आणि उद्या तुम्ही गेलात, तर? तुम्ही किती दिवस आहात? भटूनं साहेबाला विचारलं. साहेब म्हणाला, सांग त्यांना, आम्ही इथंच आहोत. आता "इथंच आहोत" याचा अर्थ साहेबालाही माहीत नव्हता. पण भटू शेतकऱ्याचा पोरगा. त्यानं दिवस मोजले तर आखाजी दोन दिवसांवर आलेली. त्यानं विचार केला, आखाजीच्या आत फौज हलली नाही तर मग काय, सालाला बसलो आपण. आखाजी त्या मुलखातही होतीच, अखातीज म्हणतात, आणि तिकडेही वर्षाचा गडी, त्याला ते हाली म्हणतात, त्याच दिवशी ठरतो. आखाजी उलटली तरी तंबू जागेवर. तेव्हा हा रूपोच्या दारात गेला आणि त्याला म्हणाला, "आखाजी व्हई गयी ना? आते पुढली आखाजीलोंग कोनी तुले उठाडाव नही." रूपोनं कपाळाला हात लावला, म्हणजे तुझा शब्द मान्य, आणि म्हणाला, मग मीही पुढच्या अखातीजपर्यंत वावर सोडणार नाही. गुळाचा खडा दोघांनी तोंडात टाकला. आमच्याकडे असंच होतं. कुठल्या दिल्लीत, कुठल्या साहेबाला हे सांगून कळलं असतं? सरकारनं विचारलं ते लोक पेरतील का. त्यांनी पेरलं. का पेरलं ते कुणी विचारलं नाही.

त्याच उन्हाळ्यात इकडे आमची काय दशा होती तेही सांगतो. बहात्तर साल, दुष्काळाचं. वेणू आणि मी रस्त्याच्या कामावर खडी फोडत होतो. जमीनवाले असून. तांबडी मिलो ज्वारी, आणि पोरांना सरकारी सुकडी. भटूच्या पत्रात यायचं की तिथं तो लोकांना गहू आणि साखर वाटतो. मी वेणूला म्हणायचो, तुझा भाऊ परक्यांना साखर वाटतो आणि बहीण इथं खडी फोडते. ती म्हणायची, "तुम्हले खडी फोडता येस, त्यास्नं वावर बी त्यास्नं नही." मी पुन्हा खडीवर हातोडा घालायचो.

पावसाळ्यात रेडिओवर आलं की दोन्ही सरकारांचा समझोता झाला, घेतलेला मुलूख परत द्यायचा. भटूनं साहेबाला विचारलं. साहेब म्हणाला, बोलणी आहेत, रेषा आखायला वर्षं जातील, लोकांना उगाच घाबरवू नकोस. भटूनं तरी रूपोला सांगितलं. माझ्यापाशी तो शपथेवर म्हणायचा की मी सांगितलं होतं, दाजी, लपवलं नाही. आणि रूपो काय म्हणाला? राजे लोक बोलतच असतात, अखातीज झाली ना? झालं. दोघांना दोन सरकारांच्या सहीपेक्षा आखाजी मोठी वाटली. हसा, ज्यांना हसायचं त्यांनी. पण मीही तिथं असतो तर मलाही तसंच वाटलं असतं.

पाऊस बेताचाच झाला. तरी सखल वावरात बाजरी धरली. रूपोनं कापली, खळ्यावर आणली. आणि थंडीत, बाजरी खळ्यावर असतानाच, निघायचा हुकूम आला. महिन्यांचं काम दिवसांत. तंबू उतरले, तारा गुंडाळल्या, साहेब लोकांनी आपापल्या खुर्च्या गाडीत चढवल्या. ज्यांनी फौजेला पाणी दिलं, दूध दिलं, वाट दाखवली, जमीनदाराच्या वावरात पेरलं, ते सगळे आता गुन्हेगार. काल जे फौजेच्या हुकमानं केलं, ती उद्या चोरी होणार होती. फौजेच्या मागं उंट, गाढवं, गाडे निघाले. डोक्यावर जातं घेतलेल्या बाया. भटू रूपोकडे धावत गेला, म्हणाला, चल. रूपो खळ्यावर बसून बाजरी पाखडत होता. त्यानं सूप खाली ठेवलं नाही. म्हणाला, "तू जा, आम्ही मागून येतो." एवढंच. ना शिवी, ना रडणं. भटूची गाडी सुटली. मागं वळून बघितलं तर धूळ. तो मागून आला की नाही, हे त्याला कळलं नाही. पुढची पन्नास वर्षं.

फौजेतून सुटून आल्यावर गावानं त्याचा सत्कार केला. हार, नारळ, शाल. शाळेत दर वर्षी झेंड्याला त्याला बोलवायचे. मास्तर म्हणायचे, मुलांना लढाईची गोष्ट सांगा. हा सांगायचा, "आम्ही काही जिंकलं नाही. सांभाळलं, अन् परत दिलं. ज्यानं पेरलं त्याच्या हाती काही दिलं नाही, ते सांगायला आलोय." पोरं जांभया द्यायची, पुढारी घड्याळ बघायचे. दोन-तीन वर्षांनी बोलावणं बंद झालं. मीही त्याला कमी छळलं नाही. पाहुणे जमले की विचारायचो, "काय भो फौजी, लढाई कव्हय सांगशी? रेशनच वाटत ऱ्हायना का तठे?" तो म्हणायचा, "दाजी, बंदूक चालाडाले तुम्हनासारखा बी चाली जास. रेशन वाटाले माणूस लागस." लोक हसायचे, मीही हसायचो.

टीव्ही आल्यापासून त्याचा त्रास वाढला. सीमेवर काही झालं की कोट घातलेले लोक ओरडायला लागतात, घुसा, घ्या, बसा तिथंच. भटू टीव्हीला उत्तर द्यायचा, जसा काही तो माणूस समोर खाटेवर बसलाय. "घेशी रे, घेशी. सकायमा उठीसन मंग काय करशी?" मला सांगायचा की मुलूख घेणारी फौज वेगळी हवी आणि तिथं बसणारी वेगळी. आणि बसणाऱ्यानं पहिल्याच दिवशी, आंघोळीच्याही आधी, गावाला सांगावं की आम्ही अमक्या दिवशी जाणार. दिवस माहीत नसेल तर तेही सांगावं, की आम्हाला माहीत नाही. गावातला एक माणूस धरून त्याला आपला म्हणू नये. आणि कुणाचं घर, कुणाचं वावर कुणाला द्यायच्या भानगडीत पडू नये, कारण ज्याला दिलं त्याची मान तिथं अडकते आणि देणारा गाडीत बसून जातो. मी म्हणायचो, तुला कोण विचारतंय? तो म्हणायचा, "कोनीच नही. म्हनीसन तर तुम्हले सांगस."

मग एकदा टीव्हीवर ते दाखवलं. कुठली तरी मोठी परदेशी फौज, वीस वर्षं दुसऱ्याच्या देशात बसलेली, एकदम निघाली. विमानतळावर माणसांचा पूर. फौजेची कामं केलेले लोक, बायकापोरांसकट, विमानाच्या मागं पळत होते, काही जण विमानाला लटकले. भटू त्या दिवशी ओरडला नाही. बघत बसला. भाकरी ताटात तशीच. मग म्हणाला, "त्या सगळा रूपोच शेतस, दाजी," आणि उठून गोठ्यात जाऊन बसला. वेणू तेव्हा होती, पण खाटेला खिळलेली, तिलाच बघायला तो आला होता. तिनं मला जवळ बोलावलं. "त्याले एकदाव लई जा. त्यान्हा जीव तठेच अडकेल शे." मी म्हटलं, तिकडे आता कोण जाऊ देतं? ती म्हणाली, तिकडे नाही, इकडे जे आले त्यांच्याकडे. माझ्या डोक्यात पन्नास वर्षांत आलं नाही ते खाटेवर पडलेल्या बाईच्या डोक्यात आलं. त्या थंडीत ती गेली. तिचं वर्षश्राद्ध झालं आणि आम्ही दोघं निघालो.

नंदुरबारहून सुरत, सुरतेहून अहमदाबाद, तिथून पुढं बाडमेरकडे. गाड्या बदलत, एकमेकांची पिशवी सांभाळत, जागेवरून भांडत. तिकडे त्या मुलखातून आलेल्यांच्या वस्त्या आहेत. विचारत विचारत फिरलो. त्या गावाचे कोण, भिल्ल कोण, रूपो कोण. भटूनं मला आधीच बजावलं होतं की तो कोण ते सांगायचं नाही. शेवटी एका वस्तीत एक बाई भेटली, जमना. रूपोची पोरगी. आली तेव्हा लहान होती, आता दात पडलेले, अंगणात नातवंडं. बाजेवर बसवलं, ताक दिलं. भटूनं विचारलं, बापू आले का इकडे? त्याचा पेला हातात तसाच होता.

ती म्हणाली, "बापू? बापू तो टीले तक आया." वाळूची शेवटची टेकडी. तिथपर्यंत तो सगळ्यांबरोबर चालत आला. आंधळ्या आईला उंटावर बांधलं, बायकोच्या हातात दोरी दिली, पोरींच्या डोक्यावर हात ठेवला आणि मागं फिरला. बायको ओरडली. तो म्हणाला, "अखातीज तक तो मैं हाली हूं. बीच में छोड़ूं तो चोर कहलाऊं. फौजी ने जबान दी, तो मैंने भी दी है. अखातीज के बाद आऊंगा." आणि गेला. अखातीज आली. किती तरी आल्या. त्याचा निरोप नाही, कुणाला दिसला नाही. त्याची आंधळी आई दोन वर्षं दारात बसली आणि मेली.

मलाच राहवेना, विचारलं, कोण फौजी? ती म्हणाली, "नाम नहीं मालूम. उसकी बोली हमारे जैसी थी. बाकी सब हुकम करते थे, वो बात करता था. इसीलिए तो माना." हे ऐकून माझा तोल गेला. मला वाटलं, हा माणूस जन्मभर कुढतोय, एकदा मोकळा होऊ दे. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणालो, "यही है वो."

जमनानं त्याच्याकडे बघितलं. मला वाटलं शिव्या देईल, मला वाटलं रडेल. तिनं साध्या आवाजात विचारलं, "तब तेरे को मालूम था? जाना है, मालूम था?"

भटू म्हणाला, "नहीं, बाई. कसम से नहीं."

"मालूम नहीं था, तो बोला क्यों?"

भटूनं ताकाचा पेला खाली ठेवला. ज्या साहेबानं "इथंच आहोत" म्हटलं त्याच्याकडे याचं उत्तर असेल तर असेल, तो मोठ्या हुद्द्यावरून सुटला म्हणे. जमना उठली, आत गेली, आणि आम्हाला वाटलं आता बाहेर काढेल, तर ती बाजरीची भाकरी आणि लसणाची चटणी घेऊन आली. "खा के जाओ, दूर से आए हो." खाल्ली आम्ही. त्या बाजेवर बसून, खाली मान घालून, दोघं म्हाताऱ्यांनी ती भाकरी खाल्ली. माझ्या आयुष्यात इतकी जड भाकरी मी खाल्लेली नाही.

परतीच्या गाडीत त्यानं मला एकही शिवी दिली नाही. ती दिली असती तर बरं झालं असतं. त्यानंतर तो पुढच्या दिवसाचं काही बोलायचाच बंद झाला. उद्या शहाद्याला येतोस का, "माले माहीत नही." जेवायला बसतोस ना, "माले माहीत नही." नातीनं विचारलं, आजोबा, माझ्या लग्नाला कुठला फेटा बांधणार, तरी तेच. सून वैतागली. म्हणाली, मामांचं डोकं फिरलं. डॉक्टर म्हणाले, वयामुळे विसर पडतो. विसर कसला? त्याच्याइतकं कुणाला आठवत नव्हतं. इथं रोज शंभर माणसं माहीत नसताना शब्द देतात, व्यासपीठावरून देतात, आणि त्यांना हार पडतात. एक माणूस माहीत नाही म्हणाला, तर तो वेडा.

यंदाची आखाजी त्याच्यावाचून गेली. पितरांच्या नावानं पाण्याची घागर भरतात आमच्याकडे. सुनेनं दोन भरल्या, एक वेणूची, एक त्याची. तिनं विचारलं, मामांच्या त्या वाळवंटातल्या माणसाची भरायची का? मी म्हटलं, तो मेला हे कुणी सांगितलं तुला? माहीत नाही ना, मग भरू नकोस.

दुपारी जालमसिंग आला, माझा सालदार. मोलगीकडचा, सहा-सात वर्षं आमच्याकडे आहे. बायको बरोबर आणलेली, नवीन लुगडं नेसलेली. ओट्यावर बसला आणि म्हणाला, "आबा, मग बसायचं ना सालाला? पोरांना पण इकडच्या शाळेत टाकतो म्हणतो यंदा." आत माझी दोन्ही पोरं. त्यांचं ठरलंय, वावर विकायचं. बोलणी सुरू आहेत, दिवाळीच्या आधी होईल, नाही तर नंतर होईल, नाही तर मोडेलही. मला सकाळीच सांगून ठेवलं होतं, आबा, तुम्ही नेहमीसारखं हो म्हणा, पेरणी तर झाली पाहिजे, पुढचं पुढं बघू. पुढं म्हणजे काय, तर वावर दुसऱ्याचं झालं की जालमसिंगला मध्येच उठवायचं. तो काय करणार होता? कुठं जाणार होता दिवाळीत, पोरं शाळेत टाकून?

गुळाची वाटी सुनेनं आणून ठेवली. जालमसिंगनं खडा उचललाही. मी म्हटलं, "जालमसिंग, माले माहीत नही."

"काय माहीत नाही, आबा?"

"वावर राहील का विकलं जाईल. सालभराचा शब्द मी देत नाही. बसायचं तर हे ऐकून बस."

तो खडा त्यानं परत वाटीत ठेवला. बायकोकडे बघितलं. रागावला नाही, पण हसलाही नाही. म्हणाला, "मग मी बारडोलीकडे बघतो, आबा. आजच बघावं लागेल, उद्या गडी ठरून जातात." आणि दोघं उठले. जीप मिळेपर्यंत फाट्यावर उभे होते, मी ओट्यावरून बघत होतो.

पोरं अजून माझ्याशी धड बोलत नाहीत. म्हणतात, काय गरज होती? खरं बोलून काय मिळालं? काही मिळालं नाही. पेरणी तोंडावर आलीय आणि माणूस नाही. या वयात गोठा मी झाडतो, बैलांना पाणी मी दाखवतो, संध्याकाळी कंबर धरून खाटेवर बसतो, आणि त्या खाटेशेजारच्या खाटेकडे बघत नाही. पण जालमसिंग आज बारडोलीत कुठल्या तरी वावरात आहे, बायको बरोबर आहे, पोरं बरोबर आहेत. माझ्या शब्दाखातर तो टेकडीवरून मागं फिरला नाही.